सर्वांना सारखा त्रास

मुरबाड तालुक्यातल्या टोकावड्याच्या शाळेतली आमची टोळी आता बदलापूर, डोंबिवली, आसनगाव अशी पांगली आहे. भेटायचं ठरलं की बाकीचे विचारतात, जेवायला काय? पंच विचारतो, "कुणाला किती वेळ लागणार?" पंच हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे, पण हल्ली त्याची आईही तीच हाक मारते. गावात उरलाय तो एकटाच. मग "माझ्याकडेच या" म्हणून मोकळं व्हावं की नाही? छे! तो अन्याय.

नकाशातला मध्य त्याला चालत नाही. "किलोमीटर कसले मोजता? गाड्या मोजा." यात मात्र तो चुकत नाही. नकाशावर बदलापूर-मुरबाड शेजारीशेजारी. मध्ये बारवीचं जंगल. तिथली गाडी हुकली की लोकलने उलटं कल्याणला जा आणि एसटी स्टॅण्डवर मुरबाडची रांग धरा, कारण मुरबाडला रेल्वे अजून यायचीच आहे. आसनगाववाल्याने किन्हवलीमार्गे यायचं, तर जीप भरेपर्यंत ड्रायव्हर चहाच पीत असतो.

हे सगळं पंच लग्नपत्रिकेच्या पाठीवर मांडतो. लोकल, एसटी, जीप आणि चौथा रकाना 'ताटकळणं'. हा रकाना दीडपट. "बसून गेलेला तास आणि उभ्याने गेलेला तास एकच का रे?" पावसाळ्यात माळशेजात दरड आली की आळेफाट्याकडून येणारी गाडी खोडायची, हेही त्याच्या ध्यानात असतं. 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हा डोंबिवलीच्या मैत्रिणीला त्याने गंभीरपणे सुनावलं, "तुझे पैसे वाचतात, तर तू थोडं लांब यायला हरकत नाही." तिने फोनच ठेवला. पंचाने पत्रिकेवर लिहिलं: 'हरकत नाही'.

सगळ्यांचा मिळून वेळ कमी धरला तर कल्याण येतं. सगळ्यात लांबच्याचे हाल कमी करायचे म्हटलं तर मुरबाड. या दोन न्यायांत पंचाची रात्र जाते आणि सकाळी निकाल लागतो: सरळगावचा नाका. तिथे आमच्यापैकी कुणाचं घर नाही, काम नाही, सासुरवाडीही नाही. म्हणजे निर्दोष जागा!

जमतो आम्ही. घामाघूम, भुकेले, सारखेच वैतागलेले. पंच प्रत्येकाला किती वाजता निघालास ते विचारतो, आकडे जुळले की त्याचा चेहरा उजळतो आणि वडापाव सांगायच्या आत तो घड्याळ बघतो. परतीची गाडी! जायची वेळ आधी धरायची, यायची मागून, हा त्याचा पहिला नियम. शेवटची एसटी गेली तर कसला न्याय?

परवा आसनगाववाल्याने मुलीच्या बारशाचं आमंत्रण केलं. पंचाने मनापासून अभिनंदन केलं. मग जरा थांबून म्हणाला, "पाळणा उचलून किन्हवलीपर्यंत आणता येईल का?"