होतकरू रामेन-समीक्षकांसाठी प्राथमिक सूचना

जपानात कामासाठी आलेल्या मराठी माणसाला पहिला महिना बँकेत खातं उघडता येत नाही, कोणता कचरा कोणत्या वारी बाहेर ठेवायचा ते उमगत नाही, शेजाऱ्यासमोर किती वाकायचं याचा अंदाज येत नाही. रामेनबद्दलचं मत मात्र दुसऱ्या वाडग्याला तयार असतं. त्यात गैर काही नाही. मत द्यायला कोणताही दाखला जोडावा लागत नाही. फक्त ते मत मुरलेल्या माणसाचं वाटलं पाहिजे. हिंजवडीतून उठून टोकियोच्या निशी-कासाईत बिऱ्हाड मांडलेल्या आणि रविवारी काय करावं हे न सुचणाऱ्या नवोदितांसाठी पुढील सूचना आहेत.

आधी दुकान शोधा. दारात चार भाषांतलं रंगीत मेनूकार्ड असेल तर तिकडे फिरकू नका. तिथलं रामेन उत्तम असेलही, पण तिथे खाल्ल्याचं कुणाला सांगणार? दहा-बारा स्टुलं, एकच लांब ओटा आणि वाफेने धुरकटलेल्या काचा, एवढं पुरे. दारावर नोरेन नावाचा कापडी पडदा लटकत असला की दुकान चालू. तो आत घेतला की बंद. पाटीवरच्या वेळेवर विसंबू नका. कित्येक ठिकाणी त्या दिवसाचं सूप संपलं की दुकान मिटतं. तासन्‌तास उकळलेलं सूप ऐनवेळी पाणी ओतून वाढवता येत नाही, म्हणून मालक दारावर चिठ्ठी चिकटवून मोकळा होतो. अशी चिठ्ठी दिसली तर नाराज होऊ नका, तिचा फोटो काढा. जेवून आलेल्यापेक्षा दारातून परतलेल्याच्या शब्दाला या क्षेत्रात जास्त वजन आहे.

रांग असेल तर उभे राहा. ती कशाची आहे ते विचारू नका. सुगामो हा टोकियोतला भाग आजीबाईंच्या खरेदीसाठी प्रसिद्ध. तिथल्या त्सुता नावाच्या चिमुकल्या दुकानाला २०१५ साली मिशलिनचा तारा जाहीर झाला. रामेनच्या दुकानाला असा तारा मिळण्याची ती पहिलीच वेळ. त्यानंतर तिथे वाडगा मिळवायचा तर सकाळीच जाऊन, हजार येन अनामत ठेवून, वेळेचं तिकीट घ्यावं लागू लागलं. एका चांगल्या परीक्षणाने काय होतं, त्याचं हे उदाहरण नवोदितांनी ध्यानात ठेवावं. शेवटी कामाला येईल.

आत शिरताच तिकिटाचं यंत्र भेटतं. आधी पैसे घालायचे, मग बटण दाबायचं, मग चिठोरं ओट्यावर ठेवायचं. बटणांवरची जपानी अक्षरं वाचता येत नसतील तर डावीकडचं सगळ्यात वरचं बटण दाबा. दुकानाला ज्याचा अभिमान असतो तो प्रकार बहुधा तिथेच असतो. गंमत म्हणजे वाचता येणारे जाणकारही तेच बटण दाबतात, त्यामुळे अज्ञान उघडं पडत नाही. बऱ्याच जुन्या यंत्रांना दहा हजारांची नोट चालत नाही. हे बहुतेकांना मागे सहा जण उभे असताना कळतं.

किमतीवरही एक वाक्य तयार ठेवा. रामेन हे कष्टकऱ्यांचं खाणं, ते हजार येनच्या आत असलं पाहिजे, ही जपानी मनाची जुनी समजूत. तिला तिथे ‘हजार येनची भिंत’ म्हणतात. पीठ, डुकराचं मांस, वीज सगळं महागलं तरी ही भिंत ओलांडताना दुकानदार कचरतात. समीक्षकाने या भिंतीबद्दल हळहळ व्यक्त करावी आणि बिल हजारच्या वर गेलं की कुरकुरही करावी. दोन्ही चालतं.

आता विद्वत्तेकडे वळू. पर्यटक सांगतो की रामेनचे प्रकार चार: शोयू, शिओ, मिसो आणि तोन्कोत्सू. हे ऐकून समीक्षकाने डोळे मिटून मान हलवावी, कारण साड्यांचे प्रकार लाल, हिरवी, पिवळी आणि नऊवारी असे सांगण्यातलाच हा प्रकार आहे. वाडग्यात तळाशी आधी पडते ती तारे, म्हणजे दाट खारट अर्क. तो सोया सॉसचा, मिठाचा किंवा मिसोचा असतो. त्यावर सूप ओतलं जातं, ते कोंबडीचं, सुक्या मासळीचं किंवा डुकराच्या हाडांचं. हाडांचं सूप म्हणजेच तोन्कोत्सू. त्याचा या यादीशी संबंध नाही. सूपवर एखादं सुवासिक तेल, मग शेवया, मग चाशू म्हणजे डुकराच्या मांसाचे काप, आंबवलेल्या बांबूच्या कोंबांचं मेन्मा, पातीचा कांदा, मऊ बलकाचं अंडं. नवशिका अंड्याची स्तुती करतो. जाणता तारेबद्दल बोलतो, कारण ती कुणालाच दिसत नाही.

तोन्कोत्सूची जन्मकथाही पाठ असावी. क्यूशू बेटावरच्या कुरुमे गावात १९३७ साली एका गाड्यावर हाडांचं सूप सुरू झालं, पण ते नितळ होतं. दहा वर्षांनी दुसऱ्या एका गाड्यावर पातेलं मोठ्या आचेवर नको तितकं उकळत राहिलं, सूप पांढरंफटक झालं, आणि चाखून पाहिलं तर अधिक चांगलं लागलं, असं कुरुमेत सांगतात. जोरदार उकळीने हाडांतली चरबी आणि जिलेटिन पाण्यात एकजीव होतात, म्हणून तो दुधी रंग. ही गोष्ट सांगताना ‘विस्मरण हीच कलेची जननी’ छापाचं काही बोलू नका. मालक ओट्यापलीकडून ऐकत असतो आणि त्याला पहाटे उठून ती हाडं धुवावी लागतात.

शाकाहारी समीक्षकांचं काय? वरवर साध्या दिसणाऱ्या सूपमध्येही वाळवलेली मासळी असते, आणि ‘भाज्यांचं रामेन’ म्हणजे नेहमीच्या सूपवर भाज्या. टोकियो स्टेशनात, तिकिटाच्या फाटकाच्या आत, टीज तान्तान नावाचं पूर्ण वनस्पतिजन्य दुकान आहे. तिळाचं दाट सूप खरोखर खावं असं. श्रावण पाळणाऱ्यांनी महिनाभर तिथेच मुक्काम ठोकावा. बाकीचे अकरा महिने काय खाता ते गावी कळवलंच पाहिजे असं नाही.

शेवयांच्या बाबतीत जपून. गव्हाच्या पिठात कान्सुई नावाचं अल्कधर्मी पाणी घालतात, त्यानेच त्यांना पिवळसरपणा आणि ताण येतो. फुकुओकातल्या हाकाता पद्धतीच्या शेवया बारीक, सरळ, कमी पाण्यात मळलेल्या. त्या वाडग्यात पडताच फुगायला लागतात, म्हणून थोड्याच वाढतात आणि संपल्या की उरलेल्या सूपमध्ये नव्याने टाकून घेतात. याला काएदामा म्हणतात. नागाहामा मासळीबाजारातल्या, दोन फेऱ्यांमध्ये उभ्या उभ्या खाणाऱ्या घाईच्या माणसांसाठी ही सोय निघाली. शेवया किती कडक हव्यात तेही सांगता येतं: काता म्हणजे कडक, बारीकाता म्हणजे फारच कडक, आणि हारीगाने म्हणजे सरळ तार. नवसमीक्षक नेहमी झेपेल त्यापेक्षा एक पायरी वरची मागतो आणि मग गंभीर चेहऱ्याने चावत बसतो.

टोकियोत मिता भागात केइओ विद्यापीठाजवळ रामेन जिरो नावाचं दुकान आहे. तिथे वाडगा पुढे येण्याआधी लसूण हवी का, असं विचारतात, आणि उत्तरात लसूण, भाज्या, चरबी, खारटपणा यांचं प्रमाण ठरलेल्या शब्दांत झटकन सांगायचं असतं. समोर येतो तो मोड आलेल्या कडधान्याचा आणि कोबीचा डोंगर. तिथे समीक्षा करू नका. तिथे फक्त टिकाव धरायचा असतो.

वाडगा आला. आता काय? जुझो इतामी यांच्या १९८५च्या ‘ताम्पोपो’ चित्रपटात एक वृद्ध गुरू तरुणाला वाडगा कसा न्याहाळावा, मांसाचा काप काडीने कसा कुरवाळावा आणि त्याची माफी कशी मागावी ते शिकवतो. तो प्रसंग टिंगल म्हणून केला आहे हे विसरून मनापासून तसंच वागणारे लोक आजही भेटतात. तुमचा मार्ग वेगळा असू दे: एक फोटो, तोही बसूनच, आणि मोबाइल खिशात. तुम्ही उजेडाचा कोन शोधता तेवढ्यात सूप निवतं आणि शेवया ढिल्या पडतात; मग समीक्षा होते ती तुमच्याच हलगर्जीपणाची. लहानपणी आपल्याला जेवताना आवाज करू नये असं शिकवलं, पण कढीच्या भुरक्याला कुणी कधी हरकत घेतली नाही. तोच भुरका इथे मारा. गरम शेवया हवेबरोबर आत ओढल्या की जीभ भाजत नाही आणि वास नाकापर्यंत पोचतो. बोलू नका. शेजारच्याशीही नाही, आणि मनातल्या मनात विशेषणं जुळवूही नका, कारण विशेषण सुचेपर्यंत हात थांबतो. आठ-दहा मिनिटांत वाडगा संपला पाहिजे.

सूप सगळं प्यावं का? पूर्ण वाडगा पिऊन तळ दाखवणं ही मालकाला दिलेली दाद मानतात. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ खा म्हणते, आणि सूपसकट एका वाडग्यात ती मर्यादा सहज ओलांडली जाते. कार्यालयातली वार्षिक आरोग्य तपासणी जवळ आली असेल तर दाद चमच्याने द्या.

ग्योझे म्हणजे सारण भरलेले पुडे; ते वेगळे मागवा. चीनमध्ये असे कणकेचे पुडे मुख्यतः उकडून खातात. दुसऱ्या महायुद्धानंतर मांचुरियातून परतलेल्या जपान्यांनी ते आणले, आणि इथे परतून खायची चाल रुळली. तव्यावर तेल, त्यावर सपाट बाजूने मांडलेले ग्योझे, मग पाणी ओतून झाकण, वाफ जिरली की झाकण काढून पुन्हा खरपूस. पाण्यात पीठ कालवलं असेल तर सगळे ग्योझे एका कुरकुरीत जाळीने जोडले जातात. टोकियोतला कामाता भाग त्यासाठी ओळखला जातो. ताट आलं की सोया सॉस, व्हिनेगर आणि तिखट तेल कालवा. नुसतं व्हिनेगर आणि भरपूर मिरपूड घेतलीत तर शेजारचा तुमच्याकडे आदराने पाहील. घरी फोनवर सांगताना मोमो म्हणालात तरी चालेल, लेखी कधीही म्हणू नका.

ग्योझ्यांच्या बाबतीत गावंच्या गावं भांडतात. उत्सुनोमिया आणि हामामात्सू ही दोन शहरं ‘देशात सर्वाधिक ग्योझे आमच्याकडे’ या मानासाठी वर्षानुवर्षं झुंजत आली. २०२१ साली मियाझाकीने मधेच घुसून पहिला नंबर पटकावला. हा निकाल लागतो सरकारच्या कुटुंब-खर्चाच्या पाहणीवर, आणि तिच्यात फक्त दुकानातून घरी नेलेले ग्योझे मोजतात. हॉटेलात बसून खाल्लेले नाहीत, गोठवलेलेही नाहीत. म्हणजे उत्सुनोमियाला जाऊन, रांग लावून, तीन ताटं रिचवून तुम्ही त्या शहराला काडीचीही मदत करत नाही. तरी जा. तिथल्या स्टेशनाबाहेर ग्योझ्याची पारी पांघरलेली दगडी व्हीनस उभी आहे. २००८ साली जागा बदलताना तिचे दोन तुकडे झाले होते, ते जोडले. हामामात्सूचे ग्योझे गोलात मांडलेले आणि मधोमध उकडलेले मोड. माझं मत हामामात्सूच्या बाजूने आहे, मोडांमुळे.

संपलं की वाडगा उचलून वरच्या ओट्यावर ठेवा, पुढचा भाग फडक्याने पुसा, गोचिसोसामा म्हणा आणि उठा. टीप ठेवू नका. पैसे विसरलात असं समजून मालक रस्त्यापर्यंत धावत येईल.

आता परीक्षण. जपानी खवय्ये गुण देताना हात आखडता घेतात. पाचपैकी साडेतीन म्हणजे तिथे भलतंच चांगलं. ज्यांच्या घरी ‘वाईट नाही’ हीच सर्वोच्च पदवी असते त्यांना हे शिकवावं लागत नाही. रामेन सुमार असेल तर भरभरून लिहा: सूपची खोली, तारेचा तोल, शेवयांचा स्वभाव. लोक जातील, रांग तिकडे लागेल. आणि कधीतरी, घराजवळच्या गल्लीत, म्हाताऱ्या जोडप्याच्या सात स्टुलांच्या दुकानात खरोखर उत्कृष्ट वाडगा समोर आला, तर सुगामोतली ती तिकिटं आठवा. लिहा: बरं आहे. स्टेशनपासून लांब पडतं. मालक फारसा बोलत नाही. गुरुवारी बंद असतं.

आणि गुरुवारी जा.