नाव मात्र अपडेटचं

"मेल्या त्या अपडेटनं वाटोळं केलं हो ताई आमचं!" शेजारच्या वहिनींनी सूप गडग्यावर टेकवलं. सुपात कुळीथ होते, निवडायचे तसेच राहिलेले. म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"कुणाचं काय झालं?"

"कॉम्प्युटरचं. त्रिपुरी पौर्णिमेचा देवळाचा अख्खा हिशेब त्यात आहे. बुधवारी सकाळी हे बघतात तर रात्रीत अपडेट होऊन बसलेला. तेव्हापासून मधेच फट्‌दिशी बंद पडतो नि आपला आपण सुरू होतो. दुकानातला मुलगा म्हणतो, फॉरमॅट मारावा लागेल."

फॉरमॅट! दात दुखतो म्हणून मुंडकं उडवायचं, त्यातलाच प्रकार. बँकेच्या कॉम्प्युटर खात्यात माझी सगळी नोकरी झाली, त्यामुळे हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. फॉरमॅट मारला की मूळ दुखणं काय होतं ते कधीच कळत नाही, दुकानदाराचे पैसे तेवढे होतात.

"बुधवारी सकाळी म्हणालात ना? त्यात नवल नाही," मी म्हटलं. "मायक्रोसॉफ्टवाले २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अपडेट सोडतात. त्यांच्याकडे सकाळचे दहा, आपल्याकडे थंडीत रात्रीचे साडेअकरा, उन्हाळ्यात साडेदहा. आपण निजतो तेव्हा तो येतो, म्हणून आपल्याकडे बुधवारी बोंब."

"म्हणजे त्यांचंच पाप!"

"कावळा बसायला नि फांदी मोडायला, असंही असतं वहिनी."

वहिनींना हे पटलं नाही. त्या पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचतात. "मग ती विमानं कशी बंद पडली होती? अपडेटनंच ना?"

पडली होती खरी. १९ जुलै २०२४. क्राउडस्ट्राइक नावाच्या कंपनीचं सुरक्षेचं सॉफ्टवेअर आहे, त्यांनी एक सदोष फाइल धाडली आणि जगभरची ८५ लाख विंडोज मशिनं निळा पडदा दाखवून बसली. आपल्या विमानतळांवर लोकांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. इलाज काय, तर सेफ मोडमध्ये शिरायचं, ती एक फाइल पुसायची, बाहेर यायचं. पण कित्येक ठिकाणी हे एकेका मशिनपाशी माणूस बसवून करावं लागलं. "पण ते सॉफ्टवेअर कंपन्या विकत घेतात हो. तुमच्या भाऊंच्या टेबलावर ते कुठून येणार?"

"तर मग घरच्यांना काहीच होत नाही म्हणता?"

तसंही नाही, आणि तसं म्हणाले असते तर खोटं ठरलं असतं. मार्च २०२१ मध्ये विंडोज १० चा एक अपडेट आला, आणि काही ठरावीक छापाच्या प्रिंटरवर कागद छापायला दिला की अख्खा कॉम्प्युटर निळा. आठवड्याच्या आत दुरुस्ती सोडावी लागली. त्याआधी ऑक्टोबर २०१८ च्या मोठ्या अपडेटनं तर काही लोकांच्या फायलीच पुसल्या. तो मागे घेऊन नोव्हेंबरात पुन्हा दिला.

फायली पुसल्या म्हटल्याबरोबर वहिनी मागे वळल्या. "अहोऽऽ! आधी तो हिशेब पेनड्राइव्हवर घ्या!"

"घेतलाय!" माजघराच्या खिडकीतून भाऊंचा आवाज आला. म्हणजे ते सगळं ऐकत होते.

मग आमची तपासणी गडग्यावरून सुरू झाली. मी सांगायचं, वहिनींनी ओरडायचं, भाऊंनी खिडकीतून उत्तर द्यायचं. पहिला प्रश्न मी हाच विचारते: बंद पडताना निळा किंवा काळा पडदा येतो का, त्यावर काही अक्षरं असतात का?

"काही नाही! बटण दाबून दिवा घालवावा तसा जातो!"

माझं अर्धं काम तिथंच झालं. अक्षरांचा पडदा आला असता तर विंडोजला काहीतरी खटकलं होतं. एखादा ड्रायव्हर, सडलेली रॅम, क्वचित अपडेट. पडद्यावर खाली कोड येतो, तो मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, पुढं शोधायला सोपं जातं. पण काहीही न बोलता जातो तो बहुतेक करून विजेवाचून जातो. नाहीतर तापून.

"त्यांना म्हणावं, खाली शोधायच्या पट्टीत रिलायबिलिटी लिहा."

"अहो, रिलायबल टी लिहा!"

"चहा आत्ताच झाला माझा!"

शेवटी मीच ओरडून सांगितलं. हे विंडोजमधलं खातं फार कुणाला ठाऊक नसतं, पण मला त्याच्याइतकं कामाचं दुसरं काही वाटत नाही. दिवसवार तक्ता असतो. ज्या दिवशी काही कोसळलं त्या दिवसावर तांबडी फुली, आणि फुलीवर टिचकी मारली की खाली वेळ नि कारण. अपडेट कोणत्या दिवशी बसला तेही तिथंच दिसतं. तक्रार आणि तारीख समोरासमोर आली की अर्धे संशयित आपोआप सुटतात.

"फुल्या आहेत!" भाऊ म्हणाले. मग जरा थांबून, "मंगळवारच्या आधीच्याही आहेत. विंडोज नीट बंद झालं नव्हतं, असं लिहिलंय."

"वेळा काय आहेत?"

"सकाळी सात, सव्वासात... संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास... परत सकाळी सात."

वहिनींचा हात सुपात थांबला. "ही तर शिंपण्याची वेळ."

पाऊस सरला की पोफळींना शिंपणं सुरू होतं. यांच्या विहिरीवर जुना पंप आहे. तो लागला की आमच्या स्वयंपाकघरातली ट्यूबसुद्धा डोळे मिचकावते, मग त्यांच्याच घरातल्या कॉम्प्युटरचं काय होत असेल? इतके दिवस पंप लावायला भाऊ स्वतः वाडीत जायचे, त्यामुळे मागे घरात कॉम्प्युटर पडतो नि उठतो हे त्यांनी पाहिलंच नाही. यंदा गडी ठेवला, आणि हे हिशेब घेऊन सातलाच खुर्चीत! नेमका त्याच आठवड्यात अपडेट आला नि बिचाऱ्याचं नाव झालं.

"पण यूपीएस आहे की," वहिनी म्हणाल्या.

"टूं टूं करतो का मधेमधे?"

"करायचा. नातू दचकतो म्हणून यांनी आवाज बंद केला."

आता काय बोलणार? तो टूं टूं म्हणजे बॅटरीची हाक. त्या डब्यातली बारा व्होल्टची छोटी बॅटरी तीन-चार वर्षांत दम सोडते. भाऊंचा यूपीएस थोरल्याच्या लग्नाच्या वेळचा, आणि आता थोरल्याची मुलगी शाळेत जाते. मी सांगितलं, सगळं बंद करा, हिशेब मिटवा, कॉम्प्युटर नुसता चालू ठेवा आणि यूपीएसची भिंतीवरची पिन काढा. पाचदहा मिनिटं तग धरला तर बॅटरी शाबूत. तेवढ्यात मेला तर दुकानात जाऊन नुसती बॅटरी बदलून आणा, अख्खा यूपीएस तुमच्या गळ्यात मारू देऊ नका.

मिनिटभर शांतता. मग आतून, "गेला!"

वहिनींना एवढं हसू आलं की कुळीथ सांडले.

एक मात्र आहे. अपडेट बसताबसता वीज तुटली असेल तर विंडोजच्या फायली अर्धवट राहतात. म्हणून बॅटरी बदलल्यावर कमांडच्या काळ्या खिडकीत, प्रशासकाच्या हक्कानं उघडून, आधी डिझम आणि मग एसएफसी ह्या दोन आज्ञा द्यायच्या. भाऊंना त्या मी कागदावर लिहून देणार आहे, गडग्यावरून ओरडून त्या पोचायच्या नाहीत. त्यानंही भागलं नाही तर रॅम बघायची, इथली हवा खारी! रॅमच्या पट्टीवरचे सोनेरी दात काळवंडतात. दुकानातला तोच फॉरमॅटवाला मुलगा खोडरबरानं ते दात घासून पट्टी परत बसवतो, आणि ते मी त्याच्याकडून शिकले. सगळंच वाईट नाही त्याचं. फक्त आधी वीज पूर्ण काढायची आणि लोखंडाला हात लावून अंगातली वीज उतरवायची, एवढं मी त्याला दोनदा सांगितलंय.

"आणि खरंच अपडेटचाच दोष निघाला तर?" वहिनींनी विचारलं. बाईंचं डोकं चालतं.

मग तो उलटा काढता येतो. कॉम्प्युटर सुरूच होत नसेल तर सुरू होताना दोन-तीनदा मधेच बंद करायचा, म्हणजे दुरुस्तीचं पान आपोआप उघडतं. त्यात ट्रबलशूट, पुढे ॲडव्हान्स्ड, आणि तिथं अपडेट काढून टाकायची सोय आहे. मोठा अपडेट असेल तर साधारण दहा दिवसांच्या आत मागे फिरता येतं. मग पाच आठवड्यांपर्यंत अपडेट थांबवून ठेवायचा, तोवर तिकडे दुरुस्ती येते. कायमचा थांबवू नये, न बुजवलेल्या भोकांतूनच चोर येतात.

सूनबाईच्या नव्या लॅपटॉपबद्दल मात्र मी बजावलं. नव्या मशिनांवर डिस्क कुलूपबंद असते. २०२४ च्या जुलैमधल्या अपडेटनंतर कित्येकांना सुरू होताना एकदम ४८ आकडी किल्ली विचारली गेली, आणि ती कुणापाशीच नव्हती! मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ती असते. आजच काढून कागदावर उतरवा आणि पासबुकांच्या पिशवीत ठेवा.

"लॅपटॉपमध्ये नको?"

"कुलपाची किल्ली आतच ठेवून दार ओढून घ्याल का तुम्ही?"

वहिनी सूप उचलून निघाल्या आणि परत वळल्या. "ताई, एक राहिलंच. काल दुपारी फोन आला होता. मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय म्हणाला, हिंदीत. तुमचा कॉम्प्युटर बिघडलाय, आम्ही इथनंच नीट करतो."

माझ्या पोटात गोळा आला. ही माणसं पडदा ताब्यात घेतात आणि बँक खातं धुऊन नेतात. मायक्रोसॉफ्ट असा आपणहून कुणाला फोन करत नाही. "मग? काही दाबलं का भाऊंनी? पैसे गेले असतील तर आत्ता १९३० ला लावा!"

"छे हो. हे म्हणाले, बरं झालं तुम्हीच फोन केलात. आणि मग अपडेटनं हिशेबाचं काय काय झालं ते पौर्णिमेच्या तेलखर्चापासून सांगायला बसले. त्यानंच ठेवला शेवटी."