भाऊसाहेबांना कोण सांगणार?

सरकारी कार्यालयात दर वर्षी ज्येष्ठता यादी निघते. एक जानेवारीच्या स्थितीला धरून ती तयार होते. तिच्यात जन्मतारीख असते, नेमणुकीचा दिनांक असतो आणि कोण कोणाच्या एक दिवस आधी रुजू झाला यावरून वर्षानुवर्षं चाललेले तंटे असतात. आमच्या यादीत भाऊसाहेब सगळ्यात वर. आम्ही बाकीचे खाली. पण हे झालं कागदावर. प्रत्यक्षात आम्ही त्यांच्या समोर, शेजारी आणि पाठीमागे बसतो, आणि सगळी पंचाईत तिथंच आहे.

भाऊसाहेब म्हणजे साहेब नव्हेत. ते साहेब असते तर प्रश्नच नव्हता. साहेबांना केबिन असते, केबिनला दार असतं आणि दाराआड साहेब काय करतात हे फक्त शिपाईमामांना ठाऊक असतं. भाऊसाहेब जुन्या भाषेत अव्वल कारकून. ते हॉलमध्ये बसतात, अगदी मधोमध, पंख्याखाली. माणूस सज्जन. चहाचे पैसे बहुतेक वेळा तेच देतात, कोणाकडे वाईट घडलं तर पहिले पोहोचतात. फक्त कार्यालय हे आपलं घर आहे, असं त्यांनी रुजू झाल्या दिवशी मनाशी ठरवलं आणि ते अजून निष्ठेने पाळताहेत.

आल्या आल्या ते बूट काढून टेबलाखाली सारतात आणि खुर्चीवर मांडी ठोकतात. डिसेंबर २०२० मध्ये शासनाने पेहरावाबद्दल परिपत्रक काढलं. जीन्स-टीशर्ट नको, पायात स्लिपर नको, शुक्रवारी खादी घालावी, असं काय काय. आम्ही मोठ्या आशेने भाऊसाहेबांच्या पायांकडे बघितलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ते परिपत्रक दोनदा वाचलं आणि निर्वाळा दिला, ‘‘स्लिपर घालायला मनाई आहे. अनवाणी बसायला कुठं आहे?’’ उभी हयात नियमांचा अर्थ लावण्यात गेलेल्या माणसाशी यापुढे काय बोलणार?

२९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला, त्याचाही आमच्या हॉलवर एक परिणाम झाला. शनिवारी नखं कापायची नाहीत ही भाऊसाहेबांच्या आईची शिकवण. रविवारी घरी नातवंडं, त्यांच्या पायात नख टोचलं म्हणजे? उरला शुक्रवार. तेव्हा शुक्रवारी दुपारी, खादीच्या सदऱ्यात, पुढ्यात टपालाचा कागद पसरून कार्यक्रम सुरू होतो. कट्. थोडा वेळ शांतता. कट्. या शांततेचा त्रास आवाजापेक्षा जास्त, कारण पुढचा कट् कधी येणार याकडे कान लागलेले असतात. एकदा एक तुकडा उडाला तो ‘अति तात्काळ’ अशा शिक्क्याच्या नस्तीवर पडला आणि त्या नस्तीसोबत थेट साहेबांच्या टेबलावर गेला.

टाचणीने दात कोरणं, कोणाच्याही खांद्यावरून त्याच्या संगणकात डोकावणं, पेन मागून नेणं, या किरकोळ गोष्टी मी धरत नाही. डब्याचं मात्र सांगायला हवं. शासनाने जेवायला एक ते दोनच्या दरम्यान अर्धा तास दिलाय. त्यातला निम्मा वेळ भाऊसाहेब आमच्या डब्यांची तपासणी करतात. ‘‘वांगं कोणाचं?’’ असं विचारेपर्यंत वांगं उचललेलं असतं. वर अभिप्राय. ‘‘दाण्याचं कूट कमी पडलंय. घरी सांगा.’’ आमच्यातल्या एकाने पथ्याचं निमित्त करून महिनाभर दुधीच आणला. भाऊसाहेबांनी त्याच्या तब्येतीची इतकी मनापासून काळजी केली की शेवटी त्यालाच कसंनुसं झालं.

मात्र या सगळ्यावर कडी म्हणजे फोन. कानाला लावला की तापतो, म्हणून तो कायम स्पीकरवर आणि टेबलाच्या मध्यभागी. त्यामुळे भाऊसाहेबांच्या दाजींची शुगर, गावाकडच्या बांधाचा वाद आणि विशेष म्हणजे भाचीसाठी संगमनेरहून आलेलं स्थळ, यातलं काहीही आमच्यापासून लपलेलं नाही. मुलगा पुण्यात कंपनीत आहे, एकुलता एक आहे, पण केस गेलेत. आता हे मला कशाला ठाऊक असावं?

आपल्याला लहानपणापासून सगळं शिकवतात. मोठी माणसं आली की उठून उभं राहावं, वाकून नमस्कार करावा, उलट बोलू नये. पण मोठ्या माणसाने शेजारच्या टेबलाशी कसं वागावं, हे त्या मोठ्या माणसाला कोणी शिकवलेलंच नसतं. त्याची चूक नाही. आणि धाकट्याने ते सुचवावं कसं, याचीही रीत आपल्याकडे नाही. आहे ती एकच, लेकी बोले सुने लागे.

तीही करून झाली. आमच्या शेजारच्या मॅडम एकदा दाजींची शुगर ऐन भरात असताना शिपाईमामांवर कडाडल्या, ‘‘काय हो मामा, किती मोठ्यानं बोलता फोनवर! माणसानं काम कसं करायचं?’’ मामा गांगरले. त्यांचा फोन घरी चार्जिंगला होता. भाऊसाहेबांनी मान वर केली आणि गंभीरपणे म्हणाले, ‘‘मॅडमचं बरोबर आहे, मामा. कार्यालय आहे हे, बाजार नाही.’’ मग पुन्हा टेबलाकडे वळून, ‘‘हां, बोला दाजी!’’

मग आम्ही नियम धुंडाळले. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मध्ये भेटवस्तूंचा विचार आहे, हुंड्याचा आहे, स्थावर मालमत्तेचा आणि राजकारणाचाही आहे. वांग्याचा नाही. कर्मचाऱ्याला न शोभणारं वर्तन करू नये, असं म्हटलंय खरं. पण ढेकर शोभते की नाही हे ठरवायला विभागीय चौकशी कोण लावणार? तोंडी तक्रार करावी तर साहेब स्वतः उमेदवारीत भाऊसाहेबांच्या हाताखाली टिपणी लिहायला शिकलेले. ते अजून भाऊसाहेबांना बसल्या जागेवरून हाक मारत नाहीत, उठून त्यांच्या टेबलाशी येतात.

जुलै २०२१ मध्ये मात्र देव पावला. कार्यालयात मोबाइल कसा वापरावा याबद्दल शासनाचंच परिपत्रक आलं. शक्यतो लँडलाइन वापरावा, हळू आवाजात बोलावं, खासगी फोन आला तर कक्षाबाहेर जाऊन घ्यावा. जणू मंत्रालयातलं कोणीतरी आमच्या हॉलमध्ये बसून गेलं होतं. पण परिपत्रक फिरवून प्रत्येकाची सही घ्यायचं काम कोणाचं? भाऊसाहेबांचं. ते एकेका टेबलाशी आले. ‘‘वाचून सही करा. वरून फार कडक झालंय आता.’’ दुसऱ्या हातात फोन होता आणि त्यातून दाजी विचारत होते, ‘‘काय कडक झालंय?’’

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. पानं उलटताना भाऊसाहेब अंगठा जिभेला लावतात. शेजारी ओल्या स्पंजची डबी असते, ती कोरडी ठणठणीत. त्यांच्याकडून आलेल्या नस्तीचा उजवा कोपरा आम्ही दोन बोटांनी धरतो. तर मागच्या अधिवेशनात दुपारी चारला एक तारांकित प्रश्न आला. संध्याकाळपर्यंत माहिती हवी, आणि माहिती ज्या नस्तीत ती संगणकात कधी चढलीच नव्हती. सगळ्यांची धांदल उडाली. भाऊसाहेब अनवाणीच अभिलेख कक्षात गेले, लाल फडक्यातला एक गठ्ठा काढला, तोच अंगठा तसाच ओला करून फरफर पानं मागे टाकली आणि एका टिपणीवर बोट ठेवलं. त्या दिवशी त्या अंगठ्याबद्दल कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा दोन बोटं.

मग आमच्याकडे एक नवी लिपिक-टंकलेखक रुजू झाली. स्पर्धा परीक्षा देऊन आलेली पोरगी, ज्येष्ठता यादीत अगदी तळाला. तिने चौथ्याच दिवशी जागेवरून हाक मारली, ‘‘भाऊसाहेब, स्पीकर बंद करा ना जरा. माझं टायपिंग चुकतंय.’’ हॉलमधल्या सगळ्यांनी माना खाली घातल्या. भाऊसाहेब म्हणाले, ‘‘अगं, मग आधी नाही का सांगायचं?’’ आणि बंद केला. इतकंच! रागावले नाहीत, रुसले नाहीत. दुसऱ्या दिवशी तिनेच त्यांना कानात घालायचं यंत्र कसं जोडायचं ते शिकवलं.

आता दाजींचा आवाज येत नाही. भाऊसाहेबांचा दुप्पट येतो, कारण कानात बोंडं घातल्यावर आपण किती मोठ्याने बोलतोय याचा अंदाज राहत नाही. पण खरी अडचण वेगळीच झाली. परवा संगमनेरचा फोन आला. ‘‘हां... हां... असं म्हणाले?... नाही, म्हणजे काय?... बरं!’’ एवढंच. मॅडमची कलम थांबलेली, मामा चहाचा ट्रे घेऊन दाराशी खिळलेले, मी उगाच एक नस्ती उघडलेली. शेवटी त्या पोरीलाच राहवलं नाही.

‘‘भाऊसाहेब,’’ ती म्हणाली, ‘‘पत्रिका जुळतेय की नाही, तेवढ्यापुरतं तरी स्पीकरवर टाका हो.’’