चावेल तेच आपलं

आवडीनिवडी सुखासाठी असतात, असा लोकांचा समज आहे. मला पायात कोल्हापुरी लागते आणि संगणकावर सी. दोन्ही नव्या असताना मालकाला चावतात. कोल्हापुरी तेल पाजलं की मवाळ होते. सीला कुठलं तेल लागतं ते अजून सापडलेलं नाही.

मुलीची निवड नेमकी उलटी. पायात क्रॉक्स, संगणकावर पायथन. "बाबा, पायथन मेमरी स्वतःच सांभाळतं," ती म्हणते. मला ऐकूनच अपमान झाल्यासारखं वाटतं. आम्ही टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर वाढलेली माणसं. मेमरी आपण मागून घ्यायची, आपणच परत करायची, विसरलो तर रात्रभर आपणच शोधत बसायचं. डेनिस रिचींनी १९७२च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये घडवलेली भाषा कुठे आणि मॉन्टी पायथन या विनोदी मंडळींवरून नाव घेतलेली १९९१ची भाषा कुठे! चपलेबद्दलही मी तिला सुनावलं: बाभळीच्या सालीत नि हिरड्यात कमावलेलं चामडं, २०१९चं भौगोलिक मानांकन, महाराष्ट्र आणि कर्नाटकातले चार-चार जिल्हे.

"आणि पावसात?" तिने विचारलं. मी विषय बदलला.

गणपतीत ऑफिसात एथ्निक डे होता आणि त्याच दिवशी एका पतसंस्थेची मंडळी सभासद-नोंदणीचा प्रोग्राम पाहायला येणार होती. पायथनमध्ये तो कधीच झाला असता. मी हट्टाने सीमध्ये लिहिला. झब्बा घातला, करकर वाजणारी कोल्हापुरी चढवली आणि हिंजवडीतल्या पार्किंगमधून निघालो, तोच जोराची सर आली. बैठकीच्या खोलीत शिरलो तेव्हा करकर जाऊन पचपच उरली होती. तळाचे थर सुटायला लागलेले, म्हणून मी पाय न उचलता फरपटत चाललो. पाहुण्यांना तो विनय वाटला असावा. मॅनेजर मला ओळखून होते.

"टाकू का एखादं नाव?" अध्यक्ष म्हणाले. नावासाठी मी ऐसपैस ५० बाइट ठेवले होते. त्यांनी 'ज्ञानेश्वर पुरुषोत्तम' टाकलं. यूटीएफ-८मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. काना, मात्रा, उकार, सगळ्यांचे वेगळे. अक्षराचा पाय मोडला तरी त्या मोडक्या पायाचे ३ बाइट मोजावेच लागतात. आडनाव अजून यायचंच होतं आणि बेरीज ६१वर गेली होती. अध्यक्षांनी एंटर दाबलं. प्रोग्राम कोसळला.

मी कीबोर्डकडे धाव घेतली. डाव्या चपलेचा अंगठा माझ्याबरोबर आला, तळ दाराशीच राहिला.

"तेही दुरुस्तीला घ्या सोबत," अध्यक्ष मायेने म्हणाले.

घरी मुलगी काही बोलली नाही. तिने फक्त आपले क्रॉक्स दारात नीट जुळवून ठेवले.

रात्री बसून मी ५० बाइटचे ५०० केले, अर्थात सीमध्येच. दुसऱ्या दिवशी नवी कोल्हापुरीही घेतली. एक नंबर लहान मिळाली, पण दुकानदार म्हणाला, वापरून सैल होते. सीबद्दल असा शब्द द्यायला आजवर कोणी धजावलेलं नाही.