डिस्क म्हणते, मी ठणठणीत

संगणकाचे बटण दाबल्यावर पडद्यावर काही उमटण्याआधीच यंत्र स्वतःची तपासणी उरकून घेते. प्रोसेसर, मेमरी, डिस्प्ले कार्ड, कीबोर्ड अशी हजेरी लागते. १९८१च्या आयबीएम पीसीत सगळे ठीक असल्यास एकच छोटा बीप वाजे. एक लांब आणि दोन आखूड बीप आले, तर दोष डिस्प्लेच्या बाजूला. पुढे बायोस, म्हणजे ही तपासणी चालवणारा प्रोग्रॅम, बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीने बीपांची आपापली भाषा ठरवली. त्यामुळे एकाच्या आरोळीचा अर्थ दुसऱ्याच्या पुस्तकात शोधण्यात अर्थ नाही. आता तर बऱ्याच कॅबिनेटमध्ये तो चिमुकला स्पीकरच नसतो. यंत्र ओरडते, पण आवाजाशिवाय. जुन्या बायोसचा एक संदेश मात्र अजरामर आहे: कीबोर्ड सापडत नाही, पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा.

मेमरीच्या दोषावर दुरुस्तीच्या दुकानांत खोडरबर चालतो. रॅम काढायची, तिचे सोनेरी दात घासायचे, पुन्हा बसवायची. यंत्र सुरू होते. बहुतेकदा गुण रॅम काढून घट्ट बसवल्याचा असतो, श्रेय खोडरबराला जाते. खरी परीक्षा मेमटेस्ट८६सारखा प्रोग्रॅम घेतो: मेमरीच्या कप्प्यांत ठरावीक आकृतिबंध लिहायचे, परत वाचायचे, जुळतात का पाहायचे. याला तास लागतात, म्हणून यंत्र रात्रभर सोडावे लागते. गिऱ्हाईक समोर ताटकळत असताना खोडरबरच बरा.

तापमानाचे सेन्सर चिपमध्येच असतात. इंटेलच्या अनेक प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश सेल्सियसच्या आसपास असते. तिथे पोचल्यावर प्रोसेसर आपणहून वेग उतरवतो. लॅपटॉप गादीवर, हवेची भोके गादीत, पंख्यावर धुळीचा थर, आणि संशय मात्र व्हायरसवर, हा प्रकार सर्रास दिसतो.

सगळ्यांत धोरणी उपकरण म्हणजे हार्ड डिस्क. तिच्यात ‘स्मार्ट’ नावाची स्वनिरीक्षण यंत्रणा असते. एखादा सेक्टर खराब झाला, की डिस्क राखीव सेक्टर कामाला लावते आणि वापरणाऱ्याला काही कळू देत नाही. नोंद होते ती पाच क्रमांकाच्या रकान्यात, जो सहसा कोणी उघडत नाही. शेवटी निकाल येतो, ‘पास’. स्थळ सुचवणाऱ्याने मुलगा निर्व्यसनी असल्याचे सांगावे, तितपतच त्या शब्दाचे वजन. पास-नापासाची रेषा डिस्क बनवणारी कंपनी आखते, आणि हमीच्या मुदतीत बिघडलेली डिस्क बदलून देणेही तिच्याच माथी असते.

गूगलच्या संशोधकांनी २००७ साली आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंद पडलेल्यांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी चार प्रमुख इशाऱ्यांपैकी एकही दिला नव्हता. मात्र ज्या डिस्कवर पहिली स्कॅन-चूक, म्हणजे पृष्ठभाग तपासताना सापडलेली चूक, नोंदली गेली, ती पुढल्या ६० दिवसांत मरण्याची शक्यता निर्दोष डिस्कपेक्षा ३९ पटींनी जास्त निघाली. थोडक्यात, डिस्कच्या गप्प बसण्यावर विसंबू नये, पण ती बोललीच तर तिचे ऐकावे. पृष्ठभागाच्या संपूर्ण चाचणीत दुबळ्या डिस्कला आणखी राबावे लागते. म्हणून खराब सेक्टरांचा आकडा वाढू लागला, की आधी फायलींची प्रत दुसरीकडे घ्यावी आणि मगच चाचणी लावावी.