मधपारखी काका

भिसेगावात, कर्जत स्टेशनाच्या हाकेच्या अंतरावर, काका राहतात. उभ्या जन्मात त्यांनी मधपेटी उघडलेली नाही, पण मधाची बाटली त्यांच्या तपासणीशिवाय बिल्डिंगीचा जिना चढत नाही.

कातकरीण मध घेऊन दारात आली की चौकशी सुरू.

"आग्याचा की सातेरीचा?"

"सातेरीचा, काका."

"अमावास्येला काढलास की पुनवेला?"

"गावला तवा काढला."

हे उत्तर काकांना फारच अशास्त्रीय वाटतं. मग थेंब पाण्यात सोडायचा, काडी मधात बुडवून पेटवायची आणि शेवटी गल्लीतलं कुत्रं बोलवायचं. खऱ्या मधाला कुत्रं तोंड लावत नाही, असं आजोबांनी सांगून ठेवलंय. कुत्र्यानं चाटला तर मध खोटा. नुसता हुंगून सोडला तर कुत्र्याचं पोट बिघडलंय. जावयानं आणलेली बाटली मात्र कुत्र्याला दाखवत नाहीत.

थंडीत मध थिजला की काका "साखर!" म्हणून ओरडतात. ग्लुकोजमुळे अस्सल मधही थिजतो, कोमट पाण्यात बाटली ठेवली की सुटतो. पण हे सांगणारा त्यांच्या लेखी साखर कारखान्याचा दलाल. नातू झाला तेव्हा सोन्याची अंगठी मधात बुडवून ते सज्जच होते. वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही, बाळाला त्यातून जिवाणूंची विषबाधा होऊ शकते, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. "आम्ही जगलोच की," काका म्हणाले. सूनबाईंनी अंगठी कपाटात ठेवली आणि किल्ली कमरेला खोचली.

2022 साली इंग्लंडची राणी वारली, तेव्हा राजवाड्यातल्या मधमाश्यांनाही ती बातमी रीतसर सांगण्यात आली. काकांनी हे वाचलं आणि टाकीखालच्या आग्या मोहोळाला सोसायटीचे चेअरमन बदलल्याचं कळवून आले. पेस्ट कंट्रोलचा ठराव आला तेव्हाही एकट्यांनी विरोध केला. मोहोळ म्हणजे लक्ष्मी, जाळणाऱ्याचं घर बसतं.

यंदा लक्ष्मी त्यांच्याच गॅलरीत उतरली. आठवडाभर काका काचेआडून मोहोळाला चेअरमनसाहेबांच्या प्रशस्त गॅलरीची माहिती देत होते. शेवटी त्याच कातकरणीच्या नवऱ्याला बोलावणं गेलं. त्यानं वर पाहिलं. "जाळू नका. पाऊस लागायच्या आत आपसूक जातील."

"ते ठीक," काका आतून म्हणाले, "पण तिथी कुठली धरलीय?"