अधोगामी सिलिंडर महोदयांस अनावृत पत्र

प्रति,
श्रीयुत सिलिंडर महोदय,
फिरती खुर्ची (घरगुती वापर),
परभणी जिल्हा.

विषय : उंची बदलण्याचा अधिकार काढून घेऊन महोदयांना एकाच जागी कायम करण्याबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयाच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, कार्यालयीन पद्धतीच्या फिरत्या खुर्चीत बैठकीच्या खाली आणि पाच पायांच्या वर जो काळा खांब उभा असतो, त्याला पूर्णेपासून गंगाखेडपर्यंत सर्वत्र 'हायड्रोलिक' म्हटले जात असले, तरी ही पदवी महोदयांनी परस्पर लावून घेतलेली आहे. हायड्रोलिक म्हणजे द्रवाच्या दाबावर काम करणारे यंत्र, जसे ट्रॅक्टरची ट्रॉली उलटी करणारा जॅक. महोदयांच्या पोटात मात्र वंगणापुरते थोडेसे तेल सोडले तर बाकी सगळा दाबून भरलेला नायट्रोजन वायू असतो. शास्त्रीय परिभाषेत महोदयांना गॅस स्प्रिंग, म्हणजे वायूची कमान, असे म्हणतात, आणि ज्याच्या पोटात जवळजवळ सगळा वायूच आहे त्याने द्रवाची पदवी मिरवावी, ही बाब या पत्रातील तक्रारीहून वेगळी असली तरी तिची नोंद येथे घेणे आवश्यक वाटते.

मूळ तक्रार अशी की, बसणारा माणूस सकाळी टेबलाच्या बेताने उंची ठरवून बसतो आणि दुपारच्या चहापर्यंत त्याची हनुवटी टेबलाच्या कडेला येऊन ठेपते. मराठीत घसा बसतो, धंदा बसतो आणि लांबलेल्या पावसात जुनी मातीची भिंतही बसते. म्हणजे 'बसणे' या क्रियापदाला आसन आणि अधःपात हे दोन्ही अर्थ पूर्वीपासून आहेत, परंतु ते दोन्ही एकाच वेळी, एकाच माणसाखाली सिद्ध करून दाखविण्याचा मान महोदयांचाच आहे. मानवत आणि सेलू या कापसाच्या बाजारपेठांत आडत दुकानाची गादीही कालांतराने बसत असे; पण ती बसली की पिंजाऱ्याला बोलावून आतला कापूस पिंजून घेता येई आणि गादी पुन्हा पहिल्यासारखी फुगून येई, कारण तिची शिवण उसवता येत होती. महोदयांना शिवणच नाही. त्यांची रचना उघडून दुरुस्त करण्यासाठी केलेलीच नाही, आणि गिऱ्हाइकाने आत डोकावू नये याची ही जी व्यवस्था आहे, तिच्यामुळेच पत्रव्यवहाराचा हा मार्ग अवलंबावा लागत आहे.

महोदयांच्या अंतर्गत कारभाराचे स्वरूप वाचकांसमोर थोडे विस्ताराने मांडणे येथे उचित ठरेल. खांबाचा बाहेरचा जाड नळा साधारण ५० मिलिमीटर व्यासाचा असून तो पाच पायांच्या मधल्या भोकात बसलेला असतो, तर त्यातून वर-खाली सरकणारा चकचकीत नळा साधारण २८ मिलिमीटरचा असून त्याचे डोके बैठकीखालच्या लोखंडी यंत्रणेत अडकलेले असते. या चकचकीत नळ्याच्या आत एक दट्ट्या असतो आणि त्याचा दांडा खाली जाऊन बाहेरच्या नळ्याच्या तळाशी पक्का केलेला असतो, त्यामुळे दट्ट्याच्या वर एक आणि खाली एक असे वायूचे दोन कप्पे तयार होतात. बैठकीखालची दांडी ओढली की नळ्याच्या माथ्यावरची छोटी खुंटी दाबली जाते, झडप, म्हणजे वायूचा मार्ग उघडणारे व मिटणारे छोटे दार, उघडते आणि वायू एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात जाऊ लागतो. खाली दांड्याने जागा अडवल्यामुळे दट्ट्यावर वायूचा जोर दोन्ही बाजूंनी सारखा लागत नाही, आणि या फरकामुळेच रिकामी खुर्ची दांडी ओढताच आपोआप वर येते. दांडा १० मिलिमीटर जाडीचा आणि वर ढकलणारा जोर ३५ किलोग्रॅमचा धरला, तर आतला दाब चौरस सेंटीमीटरला सुमारे ४५ किलोग्रॅम, म्हणजे पंक्चरच्या दुकानाच्या हिशेबात सहाशे पौंडांच्या वर निघतो. मोटारीच्या चाकात तीस-पस्तीस पौंड हवा भरताना तीन पावले मागे सरकणाऱ्या माणसाने हा आकडा ध्यानात ठेवावा, त्याचा उपयोग पुढे येणार आहे.

दांडी सोडली की झडप मिटते, दोन्ही कप्पे एकमेकांपासून तुटतात आणि बैठक जागच्या जागी थांबते, निदान तसे अपेक्षित असते. दट्ट्याभोवतीची सीलची कडी झिजली किंवा झडप पूर्ण मिटेनाशी झाली, म्हणजे वायू दाबाखाली हळूहळू पलीकडच्या कप्प्यात झिरपतो आणि बैठक खाली येते. जिल्ह्यातील वाचकांना ही गोष्ट समजणे मुळीच अवघड नाही, कारण जिंतूर तालुक्यातील येलदरी धरणातून सुटलेले पाणी पूर्णा नदीने पुढे सिद्धेश्वर धरणात जाते, म्हणजे दोन्ही धरणांच्या एकाच प्रकल्पाचे पाणी प्रकल्पातच राहते, फक्त वरच्याचे खालच्याचे होते. (१ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाल्यापासून सिद्धेश्वर पलीकडच्या जिल्ह्यात गेले, ही गोष्ट वेगळी, महोदयांच्या पोटात अद्याप जिल्हा विभाजन झालेले नाही.) वायूही असाच आतल्या आत राहतो, म्हणूनच घसरणाऱ्या खुर्चीत 'गॅस संपला' असे जे सरसकट निदान केले जाते ते बहुधा चुकीचे असते, आणि स्वयंपाकघरातल्या सिलिंडरप्रमाणे याचीही कुठे नोंदणी करावी लागते काय, ही चौकशी निष्फळ ठरते.

'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण जिल्ह्यात अर्ध्या अभिमानाने आणि अर्ध्या थट्टेने उच्चारली जाते. महोदयांच्या बाबतीत मात्र तिला तांत्रिक आधार आहे, कारण कामाच्या खुर्चीची उंची बदलणाऱ्या अशा खांबांसाठी जे मानक सांगितले जाते ते डीआयएन ४५५० हे जर्मन मानक होय, आणि ते पाळल्याचा शिक्का असलेला किंवा नुसता छापलेला खांब अखेरीस मान टाकतो तो परभणीत. १८ मे १९७२ रोजी स्थापन झालेल्या येथील कृषी विद्यापीठामुळे भेंडीच्या वाणाला 'परभणी क्रांती' आणि ज्वारीच्या वाणाला 'परभणी मोती' अशी नावे मिळाली, परंतु खुर्चीच्या क्षेत्रात जिल्ह्याचे नाव अद्याप कशालाही लागलेले नाही. ही उणीव पुढील कार्यवाहीने अंशतः भरून निघावी.

कार्यवाहीपूर्वी महोदयांना बाजू मांडण्याची संधी देणे न्यायाला धरून होईल, कारण प्रत्येक घसरणीत दोष खांबाचाच असतो असे नाही. बैठकीखालची दांडी वाकून खुंटीवर सतत टेकलेली असेल, तर झडप कायम किलकिली राहते आणि निरोगी खांबही खाली येतो. अशा वेळी खुर्ची उलटी करून दांडी किंचित वाकविणे किंवा यंत्रणेचा पेच हलविणे एवढ्यानेच काम भागते आणि खर्च शून्य येतो. दांडी निर्दोष असून रिकामी खुर्ची जोमाने वर येत असेल, पण माणूस बसला की उतरू लागत असेल, तर दोष आतल्या सीलचा किंवा झडपेचा समजावा. दांडी ओढूनही रिकामी खुर्ची जागची हलत नसेल, तेव्हाच वायू बाहेर गेल्याचा संशय घ्यावा. सरकारी कचेरीतील खुर्चीला हे निदान लागू नाही, कारण तिचे नाव जडवस्तू संग्रह नोंदवहीत असते आणि निर्लेखन, म्हणजे निकामी वस्तू वहीतून रीतसर कमी करण्याची प्रक्रिया, पूर्ण होईपर्यंत तिला बरे होण्याचा किंवा मरण्याचा अधिकार नसतो. हे पत्र घरगुती खुर्चीपुरतेच मर्यादित आहे, विशेषतः मार्च २०२० च्या टाळेबंदीनंतर पुण्या-हैदराबादची नोकरी माळवदाच्या घरात येऊन बसली तेव्हा तिच्यासोबत आलेल्या खुर्च्यांपुरते.

दोष आतला असल्याची खात्री पटल्यावर पहिला लोकप्रिय उपाय म्हणजे होज क्लिप, अर्थात रबरी नळी घट्ट बसविण्यासाठी वापरली जाणारी पेचाची लोखंडी पट्टी, जी मोंढ्यातील पंपाच्या सामानाच्या कोणत्याही दुकानात दोन-तीन कप चहाच्या पैशांत मिळते. खांबावरचे प्लॅस्टिकचे आवरण खाली सरकवून, चकचकीत नळ्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून, हव्या त्या उंचीला ही पट्टी आवळली की बैठक तिच्यापाशी अडते. अडचण अशी की हा उपाय पकडीवर उभा आहे आणि महोदयांचा नळा आरशासारखा गुळगुळीत आहे; पॉलिश पेपरने तो थोडा खरबरीत करून एकाखाली एक दोन पट्ट्या आवळल्या तरी माणूस धपकन बसण्याच्या सवयीचा असेल तर त्या आठ-पंधरा दिवसांत सरकू लागतात आणि पेचकस खुर्चीच्या हातावरच ठेवून द्यावा लागतो.

पकडीपेक्षा टेकू श्रेष्ठ, आणि टेकूचे सामान या जिल्ह्यात विकतही घ्यावे लागत नाही, कारण विहिरीवरच्या किंवा ठिबकच्या जोडणीतून उरलेला पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा शेतकऱ्याच्या घरी गोठ्याच्या आढ्यात खोचलेला सापडतोच. पीव्हीसी पाइपचे माप बाहेरच्या व्यासाने सांगतात. ३२ मिलिमीटरच्या पाइपची भिंत २ मिलिमीटर धरली तर तो आतून बरोबर २८ भरतो, म्हणजे महोदयांच्या अंगाला शिवल्यासारखा बसतो, आणि ४० चा पाइप सैल असला तरी चालतो, कारण त्याचे काम पकडण्याचे नसून मध्ये उभे राहण्याचे आहे. रिकामी खुर्ची हव्या उंचीला नेऊन चकचकीत नळ्याचा उघडा भाग मोजावा, तेवढ्या लांबीचा पाइप हॅकसॉने कापावा, मग त्याला एका बाजूने उभी चीर द्यावी आणि ती फाकवून पाइप नळ्यावर चढवावा. एका अखंड तुकड्याऐवजी चार-चार सेंटीमीटरच्या कड्या केल्या तर एखादी कमी-जास्त करून उंची बेतता येते. कापलेली तोंडे काटकोनात व सपाट असावीत, नाहीतर वजन एका कडेवर येऊन पाइप चिरतो. यानंतर बैठकीचे ओझे पाइपवर, पाइपचे बाहेरच्या नळ्याच्या माथ्यावर आणि तेथून पाच पायांवर उतरते, आणि आतला वायू काय करतो याच्याशी बसणाऱ्याचा संबंध उरत नाही. बाहेरच्या पाठिंब्यावर तग धरलेली खुर्ची महाराष्ट्राला नवीन नाही. फरक इतकाच की पीव्हीसी पाइप पाठिंबा काढून घेण्याची भाषा करीत नाही.

काही हितचिंतक महोदयांना सरळ वेल्डिंगच्या दुकानात नेऊन नळ्याला नळा जोडून टाकण्याचा, तर काही भोक पाडून आडवा बोल्ट घालण्याचा सल्ला देतात. हे दोन्ही सल्ले देणाऱ्याने वर सांगितलेला सहाशे पौंडांचा आकडा पुन्हा वाचावा. बंद नळ्यातला वायू तापला की त्याचा दाब वाढतो आणि भोक पडताच तो वाट दिसेल तिकडे सुटतो. घसरून निकामी झालेल्या खांबातही, वायू आतल्या आतच फिरलेला असल्यामुळे, दाब शिल्लक असतो. महोदयांना तापवू, कापू किंवा छिद्र पाडू नये, भंगारात देतानाही नाही. तेल-ग्रीसचा उपचार निरुपद्रवी असला तरी निरुपयोगी आहे, कारण झिजलेली कडी ज्या कप्प्यात आहे तेथपर्यंत बाहेरचे तेल पोचत नाही आणि डाग फक्त पायजम्याला पडतो.

ज्यांना टेकू कमीपणाचा वाटतो त्यांना नवा खांब बसविण्याची मुभा आहे, आणि तो काही शे रुपयांत येतो. बाजारात क्लास ३, क्लास ४ असे शिक्के दिसतात व अंक वाढतो तशी पोलादाची भिंत जाड मानली जाते. खांब दोन्ही टोकांना पेचाने नव्हे तर उतरत्या निमुळतेपणाने, म्हणजे कुदळीचा दांडा जसा प्रत्येक घावागणिक अधिक घट्ट होतो तशा रीतीने, रुतलेला असतो. त्यामुळे जुना काढताना खुर्ची आडवी करून पायांच्या तळातून हातोड्याचे ठोके आणि वरच्या टोकाला पाइप पान्याची पिरगळ यांची बरीच आळीपाळी करावी लागते, माथ्यावरच्या खुंटीवर मात्र ठोका पडू द्यायचा नसतो. नवा बसविताना काहीच करावे लागत नाही, माणूस बसला की तो आपोआप रुततो. एवढे करूनही पदरात पडतो तो आणखी एक महोदय.

आणि येथेच या पत्राचा खरा मुद्दा आहे. घरगुती खुर्चीची उंची तिच्या आयुष्यात साधारणपणे एकदाच, ती घरी आली त्या दिवशी, बदलली जाते. त्यानंतर दांडी ओढली जाते ती पाहुण्यांच्या लेकरांकडून, वर-खाली झोके घेण्यासाठी. ज्या अधिकाराचा वापर होत नाही तो अबाधित राखण्यासाठी सीलची कडी, झडप, दाबलेला नायट्रोजन आणि जर्मन मानक एवढा सरंजाम पाळला जातो, आणि नेमका तोच सरंजाम निकामी होऊन बसणाऱ्याला खाली आणतो. लाकडी खुर्चीला हा अधिकार कधीच नव्हता आणि ढाळजेतल्या ओट्यालाही नव्हता.

सबब महोदयांस कळविण्यात येते की, त्यांचा वर-खाली होण्याचा अधिकार पत्राच्या तारखेपासून गोठविण्यात आला असून त्यांची नेमणूक पीव्हीसी पाइपच्या मदतनीसपदी करण्यात आली आहे. गोल फिरण्याची सवलत पूर्ववत राहील. अपील करावयाचे असल्यास ते जर्मनीत करावे.

कळावे.

प्रत माहितीस्तव : बैठकीखालची दांडी (यापुढे काम नाही, हजेरी मात्र लागेल), पाच चाके, पैकी केस अडकून बंद पडलेले एक चाक वगळून, त्याला स्वतंत्र पत्र देण्यात येत आहे.